फायर अलार्मच्या रजिस्टरात तुम्ही नेमकं काय लिहिता?

पॅनलवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. फायर अलार्म, हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ) आणि आग विझवायचे सिलिंडर यांची देखभाल हे माझं काम. आश्रमशाळा, ग्रामीण रुग्णालयं, जिनिंग, मंगल कार्यालयं अशी फिरती असते. यंत्रं कुठली घ्यावीत यावर लोक भरभरून बोलतात. रजिस्टरबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मागच्या महिन्यात एका निवासी शाळेत पहिल्यांदाच गेलो. नाव सांगत नाही. आधी रजिस्टर मागितलं. चौदा महिन्यांच्या चौदा ओळी, प्रत्येक ओळीत तेच: "सर्व यंत्रणा तपासली, ओके." पॅनलवर, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीवर, हिरवा दिवा लागलेला. मी मेन स्विच खाली केला आणि अख्खं पॅनल विझलं. आतल्या दोन्ही बॅटऱ्या फुगून कडेला चिरल्या होत्या. त्या गावात वाऱ्याची एक झुळूक आली तरी लाइन जाते. म्हणजे लाइन गेली की त्या इमारतीत अलार्म नावाची वस्तूच उरत नव्हती.

मग मुलींच्या खोल्यांत गेलो. सहा स्मोक डिटेक्टरपैकी चारांवर रंगकामाच्या वेळी चढवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या तशाच होत्या. रंगकाम दिवाळीच्या सुट्टीत झालेलं. त्यानंतरच्या प्रत्येक महिन्यात "ओके".

ते लिहिणारा माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या ओळीत काय असायला हवं. त्याच्या लेखी रजिस्टर म्हणजे साहेब आले की पुढे करायची वही. पण त्या खोल्यांत साठ मुली झोपत होत्या, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मी आता नोंद अशी करतो (डि म्हणजे डिटेक्टर, झोन म्हणजे इमारतीचा एक भाग, हूटर म्हणजे भोंगा):

"डि-०७, मुलींची खोली ३, छताच्या मधोमध. टेस्ट स्प्रेने तपासला. ११ सेकंदांत लागला. पॅनलवर झोन २. हूटर खोली ३ मध्ये दार लावून ऐकू आला, खोली ५ मध्ये आला नाही. दोष क्र. ४ पाहा."

"डि-११, भांडार. खोलीला कुलूप, चावी मिळाली नाही. तपासला नाही."

ही दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. जे तपासलं नाही ते "तपासलं नाही" असं लिहिलं, तर पुढच्या फेरीला येणारा माणूस आधी भांडाराची चावी मागेल. सगळ्यांना मिळून एकच "ओके" लिहिलं तर डि-११ कायमचा विसरला जातो.

तुम्ही कसं लिहिता? ज्यांच्या हातात रजिस्टर असतं त्यांनी जरूर लिहावं, फक्त तंत्रज्ञांनीच नाही.


गृहपाल_मेळघाट

भाऊ, तुमचं वाचून मी उठून आमचं रजिस्टर काढलं. आमच्याकडेही "ओके"च आहे, आणि त्यातल्या पाच ओळी माझ्या हातच्या आहेत. मी कला शाखेची. मला पॅनलमधलं काही कळत नाही. तंत्रज्ञ वर्षातून दोनदा येतो, मधल्या काळात दर महिन्याला सही मी करते. मी नेमकं काय बघू, आणि जे बघितलं नाही त्यावर सही कशी करू?


पॅनलवाला

ताई, तुम्ही कुलूप, पाणी, भांडार सगळं बघता, हेही जमेल. वायरिंगला हात लावायचा नाही, पॅनलचं झाकण उघडायचं नाही.

रोज सकाळी पॅनलसमोर अर्धा मिनिट उभ्या राहा. हिरवा मेन दिवा आहे का, पिवळा फॉल्ट दिवा लागलाय का, बझर कुणी दाबून गप्प केलाय का, एखादा झोन "आयसोलेट" (मुद्दाम बंद ठेवलेला) आहे का. वहीत वेळ आणि जे दिसलं ते. फॉल्ट दिसला तर "फॉल्ट झोन ३, स. ७.१०, अमुक जणाला फोन केला" एवढं पुरे.

आठवड्यातून एकदा भिंतीवरच्या लाल डब्यांपैकी एक, म्हणजे मॅन्युअल कॉल पॉइंट, त्याच्या टेस्ट चावीने वाजवा. दर आठवड्याला वेगळा घ्या आणि त्याचा नंबर लिहा. मुलींना आधी सांगून ठेवा. वाजत असताना सगळ्यात लांबच्या खोलीत जाऊन, दार आतून लावून ऐका. झोपलेल्या माणसाच्या उशाशी ७५ डेसिबल आवाज पोचायला हवा असं मानतात. तुमच्याकडे मीटर नसेल, म्हणून "ऐकू आला, झोपेत जाग येईल असा वाटला" किंवा "पुसट" असं मराठीत लिहा. तीही नोंदच.

महिन्यातून एकदा मेन बंद करून अर्धा तास पॅनल बॅटरीवर चालू द्या, शेवटी एकदा हूटर वाजवा. विझलं तर विझलं असं लिहा.

सहीबद्दल. तुमची सही तुम्ही पाहिलेल्या ओळीखाली. माझी सही मी तपासलेल्या ओळीखाली. एका पानाखाली दोघांची एकच सही घालायची नाही.


जिनिंगमधला

म्या एका जिनिंगात सुपरवायझर आहो, वणीकडचा. आमचा हंगाम दिवाळीपासून होळीपावतर. आमच्याकडे रेच्याच्या (सरकी काढाच्या यंत्राच्या) शेडमध्ये स्मोक डिटेक्टर टिकतच नाई. रुईचा तंतू इतका उडते का दोन दिवसांत जाळी बुजते. तं आमी तिथं काय लिहाव?

दुसरं असं का आमची आग अलार्मनं नाई समजत, नाकानं समजते. कापसात गोटा नाई तं लोखंडाचा तुकडा आला का रेच्यात ठिणगी पडते. ते ठिणगी रुईसोबत प्रेसमध्ये जाते अन् गठाणीत दबून बसते. गठाण वरून थंडी, आतून धुमसते. तीन दिवसांनी गोदामात पेट घेते. मंग लोक म्हणते शॉर्ट सर्किट झालं.

आमी आता असं करतो. ठिणगी दिसली नाई तं जळका वास आला, का त्या येळेच्या गठाणी बाजूला काढतो, मोकळ्यात, एकमेकीपासून लांब. गठाणीचा नंबर, प्रेसची येळ, कोण्या रेच्यावर ठिणगी दिसली, हे सारं लिहून ठेवतो. रोज दोनदा हात लावून पाहतो अन् त्याचंबी लिहितो. हे फायरच्या रजिस्टरात याव का उत्पादनाच्या?


पॅनलवाला

दादा, फायरच्याच रजिस्टरात यावं. ही तुमच्या कारखान्यातली सगळ्यात कामाची नोंद आहे. दोन महिन्यांची पानं एकत्र पाहिली की कळेल, एकाच रेच्यावर ठिणग्या जास्त येताहेत का. तसं असेल तर तिथला लोहचुंबक किंवा गोटे अडवायची जाळी कामातून गेलेली असणार.

रेच्याच्या शेडमध्ये स्मोक डिटेक्टर बसवणं ही मुळात चुकीची निवड. तिथे हीट डिटेक्टर विचारात घ्या, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात जपून. बाजारात सर्रास मिळतो तो ५७ अंशांचा. मे महिन्यात बाहेर ४६ असताना टिनाच्या पत्र्याखाली किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. दोनदा खोटा वाजला की तिसऱ्यांदा कुणीतरी झोन बंद करून टाकतो आणि तो बंदच राहतो. पत्र्याखाली जास्त तापमानाचा घ्यावा, आणि रजिस्टरात डिटेक्टरच्या नंबरापुढे तो किती अंशांचा आहे ते लिहावं. नाहीतर बदलायची वेळ आली की पुन्हा ५७चाच येऊन बसतो.

हायड्रंट असेल तर पंप "चालू केला" असं लिहू नका. सगळ्यात लांबच्या हायड्रंटला नळी जोडून पाणी सोडा, तिथे दाब किती आला तो आकडा लिहा. साडेतीन किलोच्या खाली गेला तर कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे, नाहीतर गळती आहे. डिझेल पंप पहिल्या झटक्यात सुरू झाला की तिसऱ्या, तेही लिहा. पहिल्यावरून तिसऱ्यावर गेला म्हणजे त्याची बॅटरी थकत चालली.


जिनिंगमधला

तिसऱ्या झटक्याचं बराबर बोलले जी. आमचा चौथ्यात होते. उद्याच पाहतो.


लेखा_विभाग

सगळं पटतं, पण एक अडचण मोकळेपणी मांडतो. मी एका संस्थेत लेखा पाहतो. दोष असा नंबर घालून लिहिला की तो पुरावा होतो. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न येणार, तुम्हाला माहीत होतं ना? मग का नाही केलं? म्हणून आमचे वरिष्ठ सांगतात की किरकोळ गोष्टी तोंडी सांगा, रजिस्टर स्वच्छ ठेवा. शिवाय लायसन्स असलेल्या एजन्सीचा फॉर्म बी वर्षातून दोनदा जोडतोच आम्ही. एवढं असताना आणखी वही कशाला?


निवृत्त_फायरमन

लेखावाले भाऊ, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा, अंमलात आला डिसेंबर २००८ मध्ये. यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी त्यात मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे, एजन्सीवर नाही. फॉर्म बी द्यायचा जानेवारीत आणि जुलैत. तो सांगतो की त्या वेळी यंत्रणा व्यवस्थित आहे. फेब्रुवारीत घुशीने वायर कुरतडली तर फॉर्म बीला काय ठाऊक? जानेवारी ते जुलै मधल्या दिवसांचं सांगणारं तुमच्याकडे रजिस्टरशिवाय काही नाही.

आता पुराव्याचं. मी नोकरीत असताना जळालेल्या इमारतींची कागदपत्रं पाहिली आहेत. स्वच्छ रजिस्टर माणसाला वाचवत नाही. बॅटरीवर तिची तारीख छापलेली असते, सिलिंडरवर कोरलेली असते. वस्तू एक सांगते आणि वही दुसरं सांगते, तेव्हा वही खोटी ठरते आणि तिच्याखाली सही कारकुनाची असते, वरिष्ठांची नाही. तोंडी सांगा म्हणणारा त्या दिवशी म्हणतो, मला कुणी सांगितलंच नाही.

उलट "दोष क्र. ४, अमुक तारखेला आढळला, त्याच दिवशी मागणीपत्र पाठवलं, जावक क्रमांक अमुक, तोवर रात्री पहारेकरी दर तासाला फेरी मारतो" असं लिहिलेलं असेल, तर माणसाने आपल्या हातातलं सगळं केलेलं असतं. शिवाय पैसे त्याच कागदावर मिळतात. "यंत्रणा ओके" लिहिणाऱ्या संस्थेला नव्या बॅटऱ्यांसाठी निधी कोण आणि का देईल?

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं जळून गेली. स्वयंपाकघरातून आग निघाली आणि शाकारलेल्या छपराला लागली. छप्पर कशाचं आहे आणि चूल कुठे आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं. दिसणारी गोष्ट कुणीतरी लिहावी लागते, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्या टेबलावर नेऊन ठेवावी लागते.


लेखा_विभाग

काका, जावक क्रमांकाचा मुद्दा पटला. मागणीपत्राची पोच रजिस्टराला चिकटवायची असं आजच सुचवतो.


नवीन_वायरमन

सर, मी आयटीआय करून सहा महिने झाले. आमचे उस्ताद अगरबत्तीने डिटेक्टर तपासतात. ते चालतं का? आणि डिटेक्टरचा लाल दिवा लागला की "पास" लिहायचं ना?


पॅनलवाला

अगरबत्ती नको. तिच्या धुराचा चिकट थर आत बसतो आणि डिटेक्टर पुढे आपोआप वाजायला लागतो. टेस्ट स्प्रेचा डबा मिळतो तो वापर, नाकापासून लांब धरून. पण टोपी काढायला विसरू नकोस, आणि कोळ्याचं जाळं दिसलं तर आधी ते लिहून मग साफ कर. साफ करून तपासलेला डिटेक्टर तेवढा वेळ चांगलाच वागतो, साफ करण्याआधी तो कसा होता तेच आपल्याला हवं असतं.

लाल दिवा म्हणजे फक्त डिटेक्टरला धूर कळला. पॅनलवर बरोबर झोन आला का, हूटर वाजला का, रिसेट झाला का, हे चारही झाल्यावर "पास".

आणखी एक गोष्ट तुला आताच सांगून ठेवतो. साध्या पॅनलमध्ये झोनच्या वायरीच्या शेवटी एक रेझिस्टर असतो. वायर तुटली तर त्याच्यामुळे पॅनलला कळतं. काही ठिकाणी फॉल्ट सापडेना म्हणून तो रेझिस्टर सरळ पॅनलमध्येच टर्मिनलला बसवून टाकतात. मग बाहेरची अख्खी वायर उंदरांनी खाल्ली तरी पॅनल हिरवंच राहतं. मी अशी तीन पॅनलं पाहिली आहेत. म्हणून प्रत्येक झोनचा शेवटचा डिटेक्टर बेसमधून फिरवून काढायचा, पॅनलवर फॉल्ट येतो का पाहायचं, आणि ते वेगळ्या ओळीत लिहायचं: "डि-१४ काढला, झोन ३ फॉल्ट आला, परत लावला, फॉल्ट गेला." रेझिस्टर कुठे आहे तेही.

बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिही. या बॅटऱ्यांचं आयुष्य कंपनी साधारण २५ अंशांवर धरते. त्याच्या वर दर ८-१० अंशांना ते निम्मं होत जातं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात, पंखा नसलेल्या खोलीत तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात संपली तर नवल मानू नकोस. लिहिताना दोन आकडे लिही: मेन चालू असताना किती व्होल्ट, आणि मेन बंद करून हूटर वाजत असताना किती. पहिला आकडा २७च्या आसपास दिसतो आणि माणूस फसतो. दुसरा २१ला टेकला की बॅटरी संपली.


निवृत्त_फायरमन

सिलिंडरचं राहिलं. लटकवलेल्या कार्डावर फक्त "पुढील रिफिल" लिहितात. पावडरच्या सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची पाच वर्षांनी. पावडरचा सिलिंडर दहा वर्षांनी बाद, सीओटूचा पंधरा. सीओटूला काटा नसतो, तो वजन करूनच कळतो. गॅस दहा टक्क्यांहून जास्त घटला की भरायला पाठवा. म्हणून रजिस्टरात वजन लिहा, "भरलेला" नको.


परिचारिका_रात्रपाळी

सगळे पॅनलवर बोलताहेत. मी दाराबद्दल बोलते.

मी ग्रामीण रुग्णालयात आहे. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्या पहाटे मी ड्यूटीवर होते, आमच्याकडे तीन बाळंतिणी होत्या. फोनवर बातमी आली तेव्हा मी पहिल्यांदा मागच्या दाराकडे गेले. त्याला कुलूप होतं. कुत्री आत येतात म्हणून लावलेलं. चावी शिपायाकडे, शिपाई घरी.

त्यानंतर तपासण्या झाल्या, फाइल झाली, फाइल कपाटात गेली आणि कपाटाची चावी ऑफिसात. रात्री आठनंतर ते रजिस्टर कुणालाच बघता येत नव्हतं. म्हणून मी ड्यूटी बदलताना आमच्या रिपोर्ट बुकातच चार ओळी लिहायला सुरुवात केली. मागचं दार आतून उघडतं का, हाताने उघडून पाहिलं. बाहेर गाड्या लावून वाट अडलीय का. ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह कुठला आणि आज रात्री तो बंद करणारी व्यक्ती कोण. चालू न शकणारे रुग्ण किती आणि कुठल्या खाटेवर. घेणारी आणि देणारी दोघींची सही. पहिले काही दिवस सगळ्या कंटाळल्या. आता कुणी विसरली तर दुसरीच आठवण करते.

मॉक ड्रिल दरवेळी दुपारी बारा वाजता होते, सगळा स्टाफ हजर असताना. मी अर्ज दिला की एक तरी रात्री घ्या. घेतली. दोघी जणी आणि एक शिपाई. हूटर वाजल्यापासून शेवटची खाट बाहेर येईपर्यंत नऊ मिनिटं लागली. दिवसाच्या ड्रिलच्या कागदावर "दोन मिनिटांत यशस्वी" लिहिलं होतं. मी नऊच लिहिले. त्या नऊच्या जोरावर रात्रीला आणखी एक माणूस मिळाला.


पॅनलवाला

सिस्टर, हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी पॅनलच्या शेजारी रजिस्टर ठेवा म्हणतो, पण ते रात्री कुणाच्या हाताला लागतं हे कधी विचारलं नाही. यापुढे प्रत्येक जागी विचारीन. आणि माझ्या फॉर्ममध्ये दारांसाठी ओळच नव्हती, ती आज घातली.

आयसोलेटबद्दल एक राहून गेलं. वेल्डिंगचं काम, धूर फवारणी, लग्नाचा स्वयंपाक यासाठी झोन बंद करतात. बंद केल्याची वेळ आणि नाव लिहिलं की त्याच ओळीत "परत चालू" चा रिकामा रकाना आखून ठेवा. तो रकाना रिकामा दिसला की कुणाच्याही डोळ्यात खुपतो. मी स्वतः एकदा काम आटोपून झोन चालू न करता निघालो होतो. वीस किलोमीटरवर आठवलं आणि परत गेलो. तेव्हापासून रकाना आखल्याशिवाय झोन बंद करत नाही.


गृहपाल_मेळघाट

भाऊ, काल पहिल्यांदा तुम्ही सांगितलं तसं केलं. नोंद जशी लिहिली तशी टाकते, चुकलं असेल तर सांगा.

"रविवार, स. ९.३० ते ११.००. हजर: गृहपाल, स्वयंपाकीण मावशी, इयत्ता नववीच्या चार मुली. सकाळी पॅनल: मेन हिरवा, फॉल्ट नाही, बझर चालू. कॉल पॉइंट क्र. २ (जिन्याजवळ) चावीने वाजवला. पॅनलवर झोन १ आला. खोली १ ते ४ मध्ये दार लावून स्पष्ट ऐकू आला. खोली ५: पुसट, आतल्या दोन मुलींना ऐकूच आला नाही. मेन बंद करून अर्धा तास ठेवलं, पॅनल चालू राहिलं, शेवटी हूटर वाजला, पण आवाज पहिल्यापेक्षा हळू. मागचं दार: आतून उघडतं, बाहेर जळाऊ लाकडांचा ढीग होता, मावशींनी त्याच वेळी हलवला. भांडारातला डिटेक्टर: उंचावर आहे, टोपी आहे की नाही खालून कळत नाही, तपासला नाही. दोष १: खोली ५ मध्ये हूटर हवा. दोष २: बॅटरी तपासून घ्यावी. मागणीपत्र सोमवारी पाठवणार. तोवर खोली ५ च्या मुली रात्री खोली ४ मध्ये झोपतील."


निवृत्त_फायरमन

ताई, ही नोंद मी प्रशिक्षणात दाखवली असती. शेवटच्या वाक्यासाठी विशेष.


पॅनलवाला

चूक काही नाही. सोमवारी पत्र गेलं की जावक क्रमांक दोष १ आणि २ समोर लिहा, ओळ बंद करू नका. येत्या आठवड्यात धारणीकडे माझं काम आहे. शिडी आणि मीटर घेऊन तुमच्याकडे येतो. भांडारातला डिटेक्टर आधी बघू, मग बॅटरी. हूटर मंजूर होऊन बसला की मी जिन्याजवळून वाजवीन. तुम्ही त्या दोन मुलींना घेऊन खोली ५ चं दार आतून लावा आणि काय ऐकू आलं ते त्यांनाच लिहू द्या.